पोराचा गुडघा आणि औषधाचं माप

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. कुशावर्तावर स्नान करायचं, रात्रीच निघायचं आणि पावसाचिखलातून डोंगराला वळसा घालून परत यायचं. छोटी फेरी वीसेक किलोमीटरची, मोठी चाळिशीच्या घरातली. या गर्दीत सात-आठ वर्षांची पोरं हटकून असतात आणि वाटभर ती मोठ्यांच्या पुढेच पळत असतात. घरी येऊन, जेवून आडवी झाली की मग सुरू होतं, "आई, पाय दुखतात गं." मांड्या दुखतात, पोटऱ्या दुखतात, गुडघ्याच्या मागे ठणकतं. आई अर्धा तास पाय चेपते, पोरगं झोपतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पोरगं गल्लीत लंगडी घालताना दिसतं.

हे फेरीपुरतं नाही. फेरी नसतानाही, आठवड्यातून एक-दोनदा, कधी महिनाभर काही नाही आणि मग सलग तीन रात्री, असं दुखणाऱ्या मुलांची घरं गावोगाव आहेत. "वाढीचं दुखणं आहे, हाडं वाढतायत," असं आजी सांगते. वडील मेडिकलमध्ये जातात. "पोराचे गुडघे दुखतात, काहीतरी द्या." काउंटरवरून एक बाटली पुढे सरकते. ती कसली, किती द्यायची, कितीदा द्यायची हे निम्मं विचारलं जातं, निम्मं राहतं. त्याच्याही आधीचा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. दुखतं नेमकं कुठे?

तो प्रश्न पोरालाच विचारावा. "बोट ठेवून दाखव" म्हणावं. पाच-सहा वर्षांचं मूल बोट ठेवतच नाही. ते दोन्ही तळवे मांडीपासून नडगीपर्यंत फिरवतं, "इथे सगळीकडे" म्हणतं, आणि काल उजवा म्हणणारं आज डावा म्हणतं. बारा-तेरा वर्षांचा खेळणारा मुलगा मात्र गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे नडगीचं हाड सुरू होतं तिथल्या उंचवट्यावर, एकच बोट नेमकं टेकवतो आणि दाबलं तर "आई गं" करतो. ही दोन दुखणी वेगळी आहेत. त्यांचं कारण वेगळं, औषधाची गरजही वेगळी. बाटली मात्र दोघांना एकच मिळते.

आधी पहिलं. मुलांच्या या रात्रीच्या दुखण्याची नोंद फ्रान्समध्ये मार्सेल द्युशां नावाच्या डॉक्टरांनी १८२३ साली केली आणि त्याचा संबंध वाढीशी जोडला. तेव्हापासून दोनशे वर्षं डॉक्टरही तेच म्हणतात आणि आज्याही तेच म्हणतात. पण हिशेब जुळत नाही. मूल सगळ्यात झपाट्यानं वाढतं ते पहिल्या वर्षी, जवळपास पंचवीस सेंटिमीटर. त्यानंतरचा मोठा झपाटा वयात येताना. हे रात्रीचं दुखणं मात्र साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांत दिसतं, म्हणजे मूल वर्षाला जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर वाढत असतं त्या संथ काळात. शिवाय वाढ काय फक्त पायांचीच होते? हात का दुखत नाहीत फारसे? २०२२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या विषयावरचे जवळपास दीडशे अभ्यास एकत्र तपासले. त्यांना असं दिसलं की या दुखण्याची सर्वमान्य व्याख्याच नाही, आणि बहुतेक अभ्यासांच्या व्याख्येत वाढीचा उल्लेखसुद्धा नाही.

मग कशानं दुखतं? खरं कारण अजून हाती लागलेलं नाही. दिवसभराच्या हुंदडण्याचा ताण, काही मुलांची वेदना जाणवण्याची पातळी मुळातच खाली असणं, सांधे जास्त लवचीक असणं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, असे संशयित बरेच आहेत, पण गुन्हा कुणावरच शाबित नाही. दुखणं खोटं आहे असा याचा अर्थ अजिबात नव्हे. दक्षिण ऑस्ट्रेलियात चार ते सहा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा तीनातल्या एकाहून अधिक मुलांना हा त्रास होता. एवढं सर्रास दिसणारं दुखणं "नाटक करतोय, उद्या शाळा आहे ना" म्हणून उडवून लावणं बरं नव्हे. मूल खरंच कळवळतं. फक्त हाडात किंवा सांध्यात काही बिघडलेलं नसतं.

आता औषधाचा मुद्दा इथेच येतो, कारण या दुखण्याचं एक वैशिष्ट्य औषधाच्या पथ्यावर पडतं. कळ येते, दहा मिनिटं ते अर्धा-पाऊण तास राहते आणि आपोआप ओसरते. बाटलीतलं पॅरासिटामॉल पोटात गेल्यावर नीट काम करायला अर्धा ते एक तास घेतं. म्हणजे पुष्कळदा औषध कामाला लागतं तेव्हा दुखणं निघून गेलेलं असतं. श्रेय बाटलीला मिळतं, पाय चेपणारी आई बिनश्रेयाची राहते. आणि एकदा बाटलीनं गुण आला असं मुलाच्या आणि आईच्या मनात बसलं की पुढच्या प्रत्येक रात्री बाटली निघते.

चेपणं मी मुद्दाम उचलून धरतोय. तिळाचं तेल कोमट करून चोळा, त्र्यंबक तालुक्यात हरसूलच्या बाजूला मोहाचं किंवा खुरासणीचं तेल असतं ते चोळा, तेलात फार काही नाही, हातात आहे. उबेनं आणि दाबानं स्नायू सैलावतो, आणि चोळण्याच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाला आडव्या येतात. पोटरीचे आणि मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंचे ताण रोज सकाळ-संध्याकाळ दिले तर हे दुखणं लवकर कमी होतं, असं १९८८ साली कॅनडात एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं. अभ्यास छोटा असला तरी करून पाहायला खर्च नाही. बाम मात्र जपून. कापूर आणि विंटरग्रीनचं तेल असलेली मलमं दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत, मोठ्यांनाही भरमसाट थापू नयेत आणि डबी हाताशी येईल अशी तर कधीच ठेवू नये. कापूर किंवा विंटरग्रीन तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येण्यापर्यंत पाळी येते.

तेवढ्यानं भागलं नाही, मूल रडतंच आहे, तर औषध द्यायला हरकत नाही. ते पॅरासिटामॉल असावं आणि वजनावर मोजून असावं.

वयावर नव्हे, वजनावर. हे वाक्य मी जाड टाइपात छापून घेतलं असतं. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा दर किलो वजनाला दहा ते पंधरा मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये निदान चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. बाटलीवर मात्र बऱ्याचदा वयाचा तक्ता असतो आणि तो सुदृढ मुलाला धरून केलेला असतो. त्र्यंबक तालुक्यातल्या पाड्यांवर आठ वर्षांचं मूल अठरा किलोचं असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. अठरा किलोला एका वेळी जास्तीत जास्त २७० मिलिग्रॅम. "सहा ते बारा वर्षं, एक ते दोन चमचे" असं वाचून आईनं २५० मिलिग्रॅमवाल्या सिरपचे दोन चमचे दिले तर पाचशे मिलिग्रॅम गेलं, जवळजवळ दुप्पट. एखाद्या वेळेनं काही होणार नाही. पण असं दोन-तीन दिवस दिवसातून चारदा झालं, आणि मूल आधीच अशक्त, तापानं जेवत नसलेलं असलं, तर यकृतावर बेतू शकतं. पॅरासिटामॉलचा काही भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो. शरीरातलं ग्लुटाथायोन त्या विषाचा बंदोबस्त करतं, आणि उपाशी किंवा कुपोषित मुलाकडे ग्लुटाथायोनचा साठाच कमी असतो.

बाटल्यांचा गोंधळ याहून मोठा. आपल्याकडे मुलांचं पॅरासिटामॉल साधारण तीन ताकदींत मिळतं. पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं साधं सिरप, पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचं तीव्र सिरप, आणि तान्ह्यांसाठीचे थेंब, ज्यात एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. वीस किलोच्या मुलाला दोनशे मिलिग्रॅम द्यायचं तर पहिल्याचे आठ मिलिलिटर, दुसऱ्याचे चार आणि थेंबांचे फक्त दोन. "छोट्यांचं औषध आहे, सौम्यच असणार" असं समजून थेंबांच्या बाटलीतून चमचाभर ओतलं तर एका घोटात पाचशे मिलिग्रॅम जातं. तान्ह्याचं औषध सगळ्यात जास्त तीव्र असतं, कारण तान्हं थोडंच गिळतं. हे दुकानदारानं सांगायला हवं. तो घाईत असतो, म्हणून आपण विचारायचं. घरातला चमचाही माप नव्हे. कुणाचा चहाचा चमचा तीन मिलिलिटरचा, कुणाचा सातचा. झाकणाबरोबर येणारं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी. तीस किलोच्या मुलाला मोठ्यांची पाचशेची अख्खी गोळीही जास्तच होते, कारण त्याची कमाल मात्रा साडेचारशे. आणि सर्दी-तापाच्या मिश्र सिरपांतही पॅरासिटामॉल असतं. ते चालू असताना गुडघ्यासाठी वेगळी बाटली काढली तर तेच औषध दोनदा पोटात जातं.

पॅरासिटामॉल काही नवं नाही. १८७८ साली ते पहिल्यांदा तयार झालं, १८९३ साली माणसांवर वापरलं गेलं आणि मग चुकीच्या समजुतीपायी अर्धशतक अडगळीत पडलं. १९४८च्या सुमारास ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड यांच्या कामानं ते पुन्हा वर आलं, आणि १९५५ साली अमेरिकेत ते बाजारात आलं तेच मुळी मुलांचं पातळ औषध म्हणून. तोवर मुलांना ॲस्पिरिन दिलं जाई. पुढे १९६३ साली ऑस्ट्रेलियात डग्लस रे यांनी मेंदू आणि यकृत एकदम निकामी करणाऱ्या एका आजाराचं वर्णन केलं. कांजिण्या किंवा फ्लू झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्यावर हा आजार होण्याचा धोका वाढतो असं ऐंशीच्या दशकात दिसून आलं आणि मुलांच्या औषधांतून ॲस्पिरिन जवळपास हद्दपार झालं. घरात आजोबांची हृदयासाठीची ॲस्पिरिनची गोळी असते. तिचा चतकोर तुकडा पोराला देऊ नये, तो या कारणासाठी.

आता दुसरं दुखणं, एका बोटानं दाखवायचं. हरसूलच्या बाजूच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकून आली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिनं रौप्य मिळवलं, आणि या डोंगरातली पोरं-पोरी धावायला लागली. आश्रमशाळांच्या मैदानांवर सकाळी धावणं, संध्याकाळी कबड्डी नाहीतर खो-खो. खो-खोत तर उकिडवं बसून उसळी मारायची. या सगळ्यात मांडीचा पुढचा जाडजूड स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून एका कंडरेनं नडगीच्या हाडाला ओढतो. मोठ्या माणसात ती कंडरा पक्क्या हाडाला चिकटलेली असते. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलात मात्र तिथे अजून वाढीची कूर्चा असते, मऊ, हाड होण्याच्या वाटेवर. उंची झपाट्यानं वाढते, हाड लांबतं, स्नायू मागे राहून ताणलेला असतो, आणि प्रत्येक उडीला, प्रत्येक उकिडव्या बसण्याला तो त्या कूर्चेला उपटू पाहतो. ती सुजते, दुखते, तिथे टेंगूळ येतं.

बॉस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिचचे कार्ल श्लॅटर यांनी १९०३ साली एकमेकांपासून दूर हे दुखणं नोंदवलं, म्हणून त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. गंमत अशी की खरोखर वाढीशी जोडलेलं दुखणं हेच आहे, पण "वाढीचं दुखणं" हे नाव गेलं पहिल्याला. मुलींत ते थोडं लवकर येतं, मुलांत बारा ते पंधराच्या दरम्यान. ब्रह्मगिरीवरच्या गंगाद्वाराच्या सातशेच्या आसपास पायऱ्या चढताना ते जाणवतं, गुडघे टेकून बसताना जास्त जाणवतं. वाढ थांबून कूर्चेचं हाड झालं की थांबतं. बऱ्याच जणांच्या गुडघ्याखाली ते टेंगूळ जन्मभर राहतं, दुखत नाही.

या दुखण्यात औषधाची भूमिका कोणती? छोटी, आणि थोडी धोक्याचीही. दुखरे दोन-चार दिवस वेदनाशामक द्यावं, खेळून आल्यावर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावावा, आणि काही आठवडे उड्या कमी कराव्यात. धावणं अगदी बंद करायची गरज बहुतेकांना पडत नाही. मांडीच्या स्नायूचे ताण देणं हाच खरा उपाय. चूक होते ती सामन्याच्या सकाळी. "आज फायनल आहे, गोळी घे आणि खेळ" असं प्रशिक्षक म्हणतो. गोळीनं दुखणं दबतं, कूर्चेवरचा ओढा दबत नाही. "आता थांब" म्हणणारी कळच बंद केली की मुलगा थांबणार कशाला?

इथे आयब्युप्रोफेनचं नाव हमखास निघतं, कारण ते दुखण्याबरोबर सूजही कमी करतं. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट ॲडम्स यांनी ते शोधलं आणि १९६९ साली ते बाजारात आलं. ॲडम्सनी ते स्वतःवरच वापरून पाहिलं होतं, आदल्या रात्रीच्या दारूनं डोकं ठणकत असताना. मुलांसाठी मात्रा दर किलोला पाच ते दहा मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी, आणि नेहमी जेवणानंतर. पण हे पॅरासिटामॉलचं भावंड नव्हे. ते पोटाच्या आवरणाला बोचतं, दम्याच्या काही मुलांना त्यानं धाप लागते, आणि शरीरात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा त्यानं आटतो. जुलाब-उलट्या चालू असतील तर देऊ नये. पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, ताप आणि अंगदुखी एकत्र असेल तर अजिबात देऊ नये, कारण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो आणि हे औषध तो वाढवतं. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन एकाच बाटलीत एकत्र मिळतं. मुलाच्या पोटरीदुखीला त्या मिश्रणाची गरज नसते.

मूत्रपिंडाचं सांगितलं, तर त्र्यंबकच्या आभाळातली गोष्ट सांगायला हवी. अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, आणि हरसूल वनपरिक्षेत्रातल्या खोरीपाड्याला वनविभागानं गिधाडांसाठी खानावळ चालवली आहे, मेलेली जनावरं तिथे टाकतात. ही खानावळ का लागली? नव्वदच्या दशकापासून पंधराएक वर्षांत भारतातल्या गिधाडांच्या मुख्य जाती नव्वद टक्क्यांहून कितीतरी जास्त घटल्या, पांढऱ्या पाठीची तर हजारात एखादंच उरलं. कारण २००४ साली कळलं. गुरांना सांधेदुखीसाठी दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००६ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसासाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसासाठीचं इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एकाच मात्रेत विकण्याचं बंधन आलं.

माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही, घाबरवण्याचा हेतू नाही. पण डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन ही एकाच घराण्यातली औषधं आहेत आणि त्या घराण्याचा मूत्रपिंडाशी असलेला संबंध कधी विसरू नये. गावाकडे "सुई टोचा" हा हट्ट असतो. सुई न देणारा डॉक्टर बिनकामाचा समजला जातो. मुलाच्या रात्रीच्या पोटरीदुखीसाठी डायक्लोफेनॅकची सुई लागते असा एकही प्रसंग मला सुचत नाही.

निमेसुलाइडचंही असंच. एके काळी आपल्याकडे मुलांच्या तापाला-दुखण्याला ते सर्रास दिलं जाई, सिरप मिळे. यकृताला धोका असल्यामुळे भारत सरकारनं फेब्रुवारी २०११ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला बंदी केली. मोठ्यांसाठी ते दुकानात राहिलं, त्यामुळे घरातल्या डब्यात सापडतं. बाबांच्या कंबरेची गोळी पोराच्या गुडघ्याला अर्धी करून द्यायची सवय मोडावी ती प्रामुख्यानं या गोळीमुळे.

औषध योग्य, माप योग्य, तरी एक धोका उरतो, आणि तो मुंबईनं पाहिलेला आहे. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरिननं चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. ग्लिसरिनच्या जागी स्वस्त औद्योगिक डायएथिलीन ग्लायकॉल आलं होतं. पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सिरपमध्ये ग्लिसरिन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालावं लागतं, आणि भेसळ शिरते ती याच फटीतून. १९९५-९६ साली हैतीमध्ये पॅरासिटामॉलच्या सिरपमधून, आणि २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या परिसरात खोकल्याच्या सिरपमधून हेच विष मुलांपर्यंत पोचलं. ग्राहकाला घरी काही तपासता येत नाही. पक्कं बिल घेणं, सील पाहणं, बॅच क्रमांक असलेली बाटली औषध संपेपर्यंत न फेकणं, आणि औषधानंतर मुलाची लघवी कमी झाली तर तडक रुग्णालय गाठणं, एवढंच हातात असतं. सहा-सात वर्षांपुढच्या मुलाला वजनाप्रमाणे सव्वाशे किंवा अडीचशेची, पाण्यात फुटून मिसळणारी गोळी मला सिरपपेक्षा बरी वाटते. द्रावकाचा प्रश्नच येत नाही आणि मापही चुकत नाही.

आहाराबद्दल थोडक्यात. त्र्यंबकचे चार महिने ढगाखाली जातात, ऊन लागत नाही, मुलं घरात किंवा वर्गात. ड जीवनसत्त्व कमी असणं शक्य आहे, ते तपासून डॉक्टर ठरवतील. दुकानातून आठवड्याची मोठी मात्रा आणून मनानं देऊ नये, ते साठतं. कॅल्शियमसाठी महागडी बाटली घेण्याआधी घरातल्या नागलीकडे पाहावं. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हा-तांदळाच्या कितीतरी पट. भाकरीनं रात्रीची कळ थांबेल असं मात्र कुणी समजू नये.

आता ज्या गुडघ्यांना कुठलीच बाटली देऊ नये, आधी दाखवावं, ते सांगतो. सकाळी उठल्यावरही दुखतं. मूल लंगडतं. रोज एकच पाय, एकच जागा, आणि ती वाटीखालचा तो उंचवटा नव्हे. गुडघा सुजलाय, गरम लागतोय. ताप आहे, वजन उतरतंय, रंग फिका पडतोय, अंगावर निळे डाग येतात. यातलं एकही असेल तर ते वाढीचं दुखणं नाही. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात कधी कधी पायांच्या दुखण्यानं होते आणि रात्रीच्या वेदनाशामकानं ती काही आठवडे झाकली जाते. घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणारं दुखणं संधिवाताच्या तापाचं असू शकतं, आणि तो ताप हृदयाच्या झडपांवर जातो. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबाही तपासायला हवा. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या नसा सामायिक असल्यानं खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. चार ते आठ वर्षांच्या मुलांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणारा पर्थेस हा आजार असतो, आणि उडुपीकडच्या किनारी भागात तो बराच आढळतो असं मणिपालच्या डॉक्टरांनी दाखवलं आहे. मुलाला पाठीवर झोपवून, गुडघा वाकवून पाय आत-बाहेर फिरवला आणि आतल्या बाजूला तो अडकला, तर गुडघ्याचा एक्स-रे काढून उपयोग नाही, खुब्याचा काढावा लागतो.

आदिवासी पट्ट्यात आणखी एक नाव लक्षात ठेवावं लागतं, सिकलसेल. यात रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत भयंकर कळा येतात. थंडीत, पावसात भिजल्यावर, पाणी कमी पडल्यावर, दमछाक झाल्यावर जास्त. म्हणजे फेरीनंतरच्या रात्री हे दुखणं अगदी वाढीच्या दुखण्याचं सोंग घेऊन येऊ शकतं. फरक असा की अर्ध्या तासात ते जात नाही, तासन्‌तास, कधी दिवसभर राहतं, आणि मूल फिकट असतं, डोळे पिवळसर दिसतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर चाचणी होते. घरात आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाकडे सिकलसेलचं कार्ड असेल, तर पोराचा पाय दुखतो म्हणताना ते कार्ड डॉक्टरांपुढे ठेवावं. अशा मुलाला ऊब, भरपूर पाणी आणि वजनावर मोजलेलं पॅरासिटामॉल लगेच सुरू करावं. आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण सिकलसेलमध्ये मूत्रपिंडं आधीच दुबळी झालेली असू शकतात. आणि या दुखण्यावर बर्फ कधीच लावायचा नाही, थंडीनं पेशी आणखी अडकतात.